सहावीतल्या लेकराला वाचता येत नसेल तर सुरुवात कुठून करायची

जून २०२५ मध्ये शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एका नव्या शिक्षिकेचा फोन आला. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नेमणूक मिळालेली, शेजारच्या तालुक्यात सहावी-सातवीवर. "ताई, सहावीत अठ्ठावीस लेकरं आहेत. नऊ जणांना वाचता येत नाही. उभं केलं की मान खाली घालतात. धडा कसा पुढं नेऊ?" आवाज रडवेला होता. मी म्हटलं, धडा राहू दे, आधी दाखलखारीज रजिस्टर काढ आणि ही नऊ जणं पहिलीत कधी दाखल झाली ते बघ. अर्ध्या तासानं तिचा मेसेज आला: सात जणांपुढं जून २०२०.

मला ते बघायच्या आधीच माहीत होतं. मी बालाघाटच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी शिकवते. आमच्याकडं मार्च २०२० च्या मध्यावर शाळेला कुलूप लागलं. नववी ते बारावी नोव्हेंबरात उघडली, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ ला थोडे दिवस उघडून पुन्हा बंद झाली. आमच्या चिमुकल्यांची पाळी सगळ्यांत शेवटी, १ डिसेंबर २०२१ ला. जून २०२० मध्ये ज्यांचं नाव पहिलीत घातलं, ती लेकरं शाळेच्या बाकावर पहिल्यांदा बसली ती अर्धी दुसरी सरल्यावर. आणि महिना-सव्वा महिन्यात, जानेवारीत, पुन्हा कुलूप.

त्या काळात आम्ही काहीच केलं नाही असं नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज मोबाइलवर यायची. जुलै २०२० पासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायचं. २०२१ च्या जुलैत पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला. पण माझ्याकडच्या दोन वर्गांत एकोणीस लेकरं, व्हॉट्सअ‍ॅप चालणारा फोन सात घरांत, त्यातले चार फोन बापाच्या खिशात आणि बाप रानात. ऑगस्ट २०२१ मध्ये देशातल्या पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत गरीब घरांतल्या चौदाशे लेकरांची पाहणी झाली, तेव्हा खेड्यात नियमित ऑनलाइन शिकणारी ८ टक्के निघाली. आमच्या वाडीला तो आकडाही जास्तच वाटला असता.

आता एक आकडा समजून घ्या, कारण तो नीट न समजल्यानं बरीच गडबड होते. 'असर' या घरोघरी जाऊन लेकरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत तिसरीतल्या लेकरांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी देशभरात २०१८ ला २७.३ टक्के होती. २०२२ ला ती २०.५ वर आली आणि २०२४ ला परत २७.१ झाली. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत हा आकडा पडद्यावर आला तेव्हा टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. घरी येताना एसटीत डोक्यात आलं, की २०२४ ची तिसरी ही वेगळीच लेकरं आहेत. त्यांनी पहिलीपासून शाळा बघितली. २०२२ ला जी तिसरीत होती, ती काही तिसरीत थांबली नाहीत. चौथी-पाचवीत सरकली, आपलं न वाचणं दप्तरात घालून. आकडा सावरला तो खालून नवी लेकरं आली म्हणून. जुनी आता तुमच्यापाशी, सहावी-सातवीत, मागच्या बाकावर बसलीत.

खाली लिहिलंय ते त्या शिक्षिकेला जून ते डिसेंबर फोनवर सांगितलेलं आहे. मी ते २०२२ मध्ये तिसरी-चौथीवर करून बघितलं होतं. सहावीला लावताना काही गोष्टी बदलाव्या लागल्या, त्याही सांगते.

आधी शोधून काढा, आणि पुस्तकातून अजिबात नको

पहिले आठ-दहा दिवस पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा. एकेका लेकराला वेगळं बसवून वाचायला द्या. वर्गात नाही, लिंबाखाली, व्हरांड्याच्या टोकाला, कुठंही, पण बाकीच्यांच्या कानाबाहेर. एकाला पाच मिनिटं पुरतात. अठ्ठावीस लेकरं म्हणजे रोज चार-पाच, आठवड्यात संपतं.

कागद एकच. त्यावर दहा सुटी अक्षरं, दहा साधे शब्द, चार वाक्यांचा उतारा आणि दहाएक ओळींची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करा. चार वाक्यं तीन चुकांच्या आत वाक्यासारखी वाचली तर गोष्ट द्या. उतारा जमला नाही तर शब्द, शब्द जमले नाहीत तर अक्षरं. कुठल्याही पाचातले चार बरोबर आले की ती पायरी आली असं धरा. हळू वाचलं म्हणून खाली ढकलू नका. एकेक अक्षर सुटं सुटं, मोती ओवल्यासारखं वाचलं तर मात्र ते वाक्य वाचणं नव्हे.

पाठ्यपुस्तकातला मजकूर का नको? माझ्याकडं चौथीत एक पोरगी होती. कविता अशी घडाघडा म्हणायची की केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांच्या गटाचं, म्हणजे केंद्राचं काम बघणारे अधिकारी) पाठ थोपटली. मी तिचं बोट बघत होते. जीभ दुसऱ्या ओळीवर आणि बोट चौथ्या. सगळं पाठ. ऐकून ऐकून शिकलेली लेकरं हुशार असतात, तीच तुम्हाला फसवतात. म्हणून मजकूर आपल्या हातानं लिहा, त्यांनी कधी न बघितलेला. माझा उतारा असा होता: "आमची शेळी व्याली. दोन करडं झाली. एक काळं, एक बांडं. बांडं फार उड्या मारतं." सहावीला तुम्ही क्रिकेटचा घ्या.

दुसरी फसवणूक अक्षराची. फळ्यावरचं मोत्यासारखं उतरवून घेणारी लेकरं असतात. वही भरलेली, लाल शेरा 'छान'. त्याच वहीतली ओळ वाचायला सांगा, गप्प. बंदच्या काळात गृहपाठ म्हणजे फोटोतलं उतरवून परत फोटो पाठवणं. दीड वर्षं तेच केलं, त्यामुळं हात चालतो. आम्हीच 'व्हेरी गुड'चे अंगठे पाठवले, दुसऱ्याला काय बोलायचं.

आणि डोळे तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना यादी द्या. त्या नऊ जणांतल्या एकाला फळाच दिसत नव्हता. चष्मा आला तसं दोन महिन्यांत त्याचं नाव यादीतून गेलं.

लाज हा खरा अडथळा आहे

सात वर्षांच्या लेकराला वाचता येत नसलं तर ते सांगतं, "मॅडम, मला येत नाही." अकरा वर्षांचं सांगत नाही. ते पाणी प्यायला जातं, पेन हरवतं, भांडण काढतं, नाहीतर शाळेलाच येत नाही. त्या शिक्षिकेनं मला सांगितलं होतं की नऊपैकी तिघं 'फार मस्तीखोर' आहेत. मी म्हटलं, वाचनाच्या तासालाच मस्ती करतात का बघ. दुसऱ्या दिवशी फोन आला, हो.

म्हणून पहिलीचं पुस्तक सहावीच्या लेकराच्या हातात देऊ नका. दिलंत तर ते त्याच दिवशी गेलं. पण सोपं वाचल्याशिवाय अवघड येत नाही, मग करायचं काय? माझी एक युक्ती आहे, फार साधी. शाळेत पहिली असतेच. सहावीतल्या या लेकरांवर जबाबदारी टाका: शुक्रवारी पहिलीच्या वर्गात जाऊन एक गोष्ट वाचून दाखवायची. आता पहिलीचं गोष्टीचं पुस्तक त्याच्या हातात आहे ते 'तयारी' म्हणून. सोमवार ते गुरुवार तो तेच चार पानांचं पुस्तक दहा वेळा वाचतो. कुणी हसत नाही, कारण तो दादा आहे. एका पोरानं 'हत्तीला फुगा' म्हणताना एवढा आवाज काढला की पहिलीतली दोन रडायला लागली. त्या दिवसापासून त्याची मस्ती अर्ध्यावर आली असं बाईंनी सांगितलं.

वर्गातही गटांना 'कच्चे', 'पक्के' म्हणू नका. 'अ', 'ब', 'क' पण नको, लेकरांना त्याचा अर्थ लगेच कळतो. आम्ही पिकांची नावं दिली: तूर, बाजरी, कापूस. (कापसाला भाव नाही म्हणून एका लेकरानं तो गट बदलून मागितला, ते वेगळं.)

रोजचा तास

मुख्याध्यापकांना सांगून परिपाठानंतरच्या पहिल्या दोन तासिका मागून घ्या, सलग. दुपारी नको. खिचडी खाल्ल्यावर आणि पत्रा तापल्यावर कुणाचंच डोकं चालत नाही. या वेळेत इयत्ता विसरायची. पाचवी, सहावी, सातवी एकत्र करा आणि लेकरू जिथं उभं आहे त्या गटात बसवा: अक्षर-शब्दांवर अडलेली, उताऱ्यावर अडलेली, गोष्ट वाचणारी. गोष्टवाल्यांना पुस्तकं द्या आणि सोडा, ती आपली आपण वाचतात. तुमचा वेळ पहिल्या गटाचा.

पहिली दहा मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, सगळ्यांना. हे वगळू नका. ज्या घरात पुस्तक नाही तिथल्या लेकरानं चांगलं वाचन कानांनीच ऐकलेलं नसतं. मग वीस-पंचवीस मिनिटं गटाचं काम. मग प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, तुम्ही किंवा गोष्टवाल्या मुलानं ते जसंच्या तसं लिहायचं, त्याच्या बोलीत, आणि त्यानंच ते वाचायचं. "काल आमच्या बोअरला पाणी लागलं." स्वतःचं वाक्य वाचताना लेकरू चुकत नाही. ही वाक्यं एका वहीत जमवा. पंधरा दिवसांत प्रत्येकाचं एक छोटं पुस्तक होतं आणि ते पहिलीचं पुस्तक नसतं.

अक्षरांवर अडलेल्यांना क, ख, ग पासून सुरू करू नका. ग, म, न, र, क, ल एवढी सहा घ्या. यांतून मगर, नगर, कमल, नरम, गरम, नकल असे शब्द पहिल्याच दिवशी होतात, आणि 'मला वाचता आलं' हे पहिल्या दिवशी व्हायलाच हवं. त्यावर काना चढवा: गार, नाक, काल, मान, लगाम. मग दीर्घ वेलांटी, मात्रा, उकार. ऱ्हस्व वेलांटी सगळ्यांत शेवटी, कारण ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. 'किती' वाचताना लेकरू क च्या आधी अडतं, त्याचा दोष नाही.

र चा तर वेगळा आठवडा करा. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर, 'चक्र'मध्ये पायाशी, 'दुसऱ्या'मध्ये चंद्रकोरीसारखा आणि 'ट्रक'मध्ये खाली उलटी टोपी घालून. मी 'ट्रक'पासून सुरू करते. आमच्याकडच्या प्रत्येक लेकराला ट्रक ओळखीचा आहे, मागचं लिहिलेलं तर तोंडपाठ.

उताऱ्यावर आलेल्यांना धडे नकोत, गावातलं वाचायला द्या. खताच्या पोत्यावरचं. एसटीची पाटी. किराण्याची यादी. सगळ्यांत भारी म्हणजे लग्नपत्रिका. ती प्रत्येक घरात असते, त्यातली निम्मी नावं लेकराला माहीत असतात, आणि जोडाक्षरांचा एवढा साठा कुठल्या धड्यात नाही: स्नेहांकित, निमंत्रक, शुभेच्छुक. एका पोरानं आपल्याच चुलत्याचं नाव पहिल्यांदा छापील वाचलं आणि म्हणाला, "आप्पा असा लिहितेत व्हय?"

सहा आठवड्यांनी तोच कागद, मजकूर बदलून. वर गेलेल्यांना वरच्या गटात पाठवा, त्याच दिवशी. जिथल्या तिथं राहिलेल्यांना परत तेच करायला लावू नका, का अडलं ते शोधा. बहुतेक वेळा हजेरीत उत्तर सापडतं.

वजाबाकी आणि उसाची मोळी

गणितासाठी एकच उदाहरण देते, कारण सगळी गाडी तिथंच रुतते. ५२ वजा २७ घालून बघा. वाचता येणारीसुद्धा ३५ लिहितील. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. उसना घ्यायचा असतो हे त्यांनी मोबाइलवर ऐकलं, पण कुणाकडून घ्यायचा आणि का, ते बोटांनी केलेलं नाही.

आमच्या भागातली निम्मी लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. ऊस तोडला की मोळी बांधतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मी तुरीच्या काड्या आणल्या. दहा काड्यांची एक मोळी, चिपाडानं बांधलेली. बावन्न म्हणजे पाच मोळ्या आणि दोन सुट्या. आता मला सत्तावीस काड्या द्या. लेकरू दोन मोळ्या देतं, सात सुट्या द्यायला बघतं, दोनच आहेत. गप्प बसा. काही सांगू नका. कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, एक मोळी सोडू का?" हाच उसना. मोळी सोडली की बारा सुट्या, त्यातल्या सात गेल्या, पाच राहिल्या, बांधलेल्या दोन. पंचवीस. आठ दिवस काड्या, मग काड्यांची चित्रं, मग आकडे. काड्या लवकर काढून घ्यायची घाई आम्ही सगळेच करतो, मीही केली, आणि परत ३५ आले.

पाढे रोज म्हणा, पण उभं करून एकट्याला विचारू नका. सगळ्यांनी मिळून, चालीत. भागाकार पुढच्या सत्रात.

दिवाळीनंतर निघून जाणारी

कारखाने सुरू झाले की गाड्या भरतात. जी लेकरं जाणार आहेत त्यांची यादी दसऱ्यालाच करा. मागं राहायला आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत द्या. जाणारच असतील तर शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखल्याशिवाय बसता येतं. कार्डाच्या मागं मी पेन्सिलीनं लिहिते: 'शब्द वाचतो, उतारा नाही. हातच्याची बेरीज येते.' तिथल्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागत नाही. कुणी वाचत असेल की नाही देव जाणे. एकदा एका अनोळखी सरांचा सांगली भागातून फोन आला होता, तेवढा मला पुरला.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आमच्या वाडीतली माणसं कारखान्यांवरच अडकली होती. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, लेकराबाळांसह. परत आली तेव्हा त्यांना गावाबाहेर शाळेत ठेवलं, माझ्याच वर्गात. भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता. त्यातल्या एका लेकरानं त्या दिवसांत तक्त्यावरची चित्रं बघून बारा-पंधरा अक्षरं ओळखायला सुरुवात केली, आईनं मला नंतर सांगितलं. भिंती रिकाम्या ठेवू नका एवढंच त्यातून मी घेतलं. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी बंदच्या काळात वस्तीतल्या घरांच्या भिंतीच धड्यांनी रंगवल्या होत्या. आम्ही नंतर पाराच्या कट्ट्यावर पाढे रंगवले.

घरून मदत

अडाणी आईला 'अभ्यास घ्या' म्हणू नका, ती घाबरते. तिला सांगा, रात्री भाकरी करताना लेकराला शेजारी बसवा आणि दहा मिनिटं वाचायला लावा. ऐकणाऱ्याला वाचता आलंच पाहिजे असं नाही. चुकलं तरी ऐकायचं. माता पालक गटात मी एवढंच काम दिलं, आणि जे घरात झालं ते लेकराच्या आवाजात ऐकू येतं.

ज्या घरात माणूस गेलं

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, आमच्या केंद्रातल्या तीन लेकरांचे बाप गेले. शाळा बंद होती, त्यामुळं आम्ही त्या लेकरांना भेटलो ते सहा-सात महिन्यांनी. तोवर घरातलं रडणं आटोपलेलं होतं आणि लेकरं गप्प झालेली. मी पहिल्याच दिवशी सवयीनं म्हणून गेले, "उद्या वडिलांची सही आणा." तो शब्द अजून बोचतो. तेव्हापासून मी 'घरातल्या मोठ्यांची सही' म्हणते, सगळ्यांनाच. सोपी सवय आहे, लावून घ्या.

असं लेकरू वाचत नसेल तर त्याला आधी वाचायला लावू नका. त्याला काम द्या: घंटा वाजवणं, खडू आणणं, झाडांना पाणी. तुमच्या आसपास राहू द्या. बोलायचं तेव्हा बोलेल.

आणि कागदाचं काम करा, कारण आईला ते एकटीला जमत नाही. बालसंगोपन योजना फक्त अनाथांसाठी आहे असा समज आहे. एक पालक गेला असेल तरी अर्ज करता येतो, महिना २,२५० रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला, बोनाफाइड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक घेऊन जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जायचं. कोरोनात आई-वडील दोघंही गेलेल्या लेकरांसाठी राज्यानं जून २०२१ मध्ये ५ लाखांच्या मुदत ठेवीचा निर्णय घेतला होता. तुमच्या शाळेत असं लेकरू असेल तर ठेवीची पावती कुणाकडं आहे ते विचारा. नातेवाईक चांगले असतात, पण विचारा. माझ्या एका लेकराचा अर्ज एका कार्यालयात दोनदा हरवला. तिसऱ्यांदा आम्ही पोच घेतली, शिक्क्यासह. पोच घेतल्याशिवाय कुठलाच कागद देऊ नका.

आणि तुम्ही

हे लिहायचं नव्हतं, पण ती नवी शिक्षिका फोनवर म्हणाली, "ताई, मला कधी कधी इतका राग येतो." त्यावरून लिहिते.

आम्ही शिक्षक त्या दीड वर्षात चेकपोस्टवर उभे होतो, रेशन दुकानावर उभे होतो, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी आशाताईंबरोबर घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरलो. रेंज नाही म्हणून माळावर चढून ऑनलाइन प्रशिक्षणं केली. शेजारच्या केंद्रातले एक सर दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या जागी आठवडाभरानं व्हॉट्सअ‍ॅप गटात नुसतं 'लेफ्ट' दिसलं, घरच्यांनी त्यांचं खातं बंद केलं असावं. त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही. माहिती भरायची लिंक आली, आम्ही लिंक भरली.

डिसेंबर २०२१ ला शाळा उघडली तेव्हा मला वाटलं लेकरांना बसायची सवय गेली आहे. वीस मिनिटांत चुळबुळ, भांडणं, बाहेर पळणं. आठ दिवसांनी लक्षात आलं, माझीही गेली होती. घसा दुपारपर्यंत बसायचा. हात फोनकडं जायचा. एका लेकराला मी विनाकारण एवढं ओरडले की आमचे सर शेजारच्या वर्गातून आले, काही न बोलता माझा वर्ग घेऊन मैदानात गेले. मी व्हरांड्यात बसून रडले. सर परत आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या माझी पाळी, तुम्ही माझा वर्ग न्या." तशी आम्ही पद्धतच पाडली. कुणाचंही डोकं फिरलं की दुसऱ्यानं दोन्ही वर्ग घ्यायचे, कारण विचारायचं नाही. तुमच्या शाळेत असा एक माणूस ठरवून ठेवा. राग येणारच, तो लेकरावर निघायच्या आत कुणीतरी दारात उभं असलं पाहिजे.

नोंदी खऱ्या ठेवा. वरून 'शंभर टक्के वाचन' असा तक्ता मागतात आणि नव्या माणसाची भीती मला समजते. मी दोन तक्ते दिले होते एका वर्षी, एक वर आणि एक माझ्या कपाटात. ती चूक होती. पुढच्या वर्षी त्या लेकरांना काहीच मदत आली नाही, कारण कागदावर ती वाचत होती. आता नऊ तर नऊ लिहा, खाली तारीख घाला, आणि सहा आठवड्यांनी पाच झाले तर पाच लिहा. भेटीला आलेल्या साहेबांना तोच कागद दाखवा. ओरडले तर ओरडले.

डिसेंबरात त्या शिक्षिकेचा फोन आला. नऊपैकी पाच गोष्ट वाचतात, दोन उताऱ्यावर. एक पोरगी शब्दांवर आहे. तिच्या कडेला धाकटा भाऊ असतो, आठवड्यात तीनच दिवस येते. भावाला अंगणवाडीत बसवता येईल का ते शिक्षिका सेविकेशी बोलणार आहे. नववा कारखान्यावर गेला. त्याच्या कार्डामागं तिनं लिहिलं: 'उतारा वाचतो, र ला अडतो.' मी म्हटलं, खाली 'ट्रकपासून सुरू करा' एवढं लिहायचं राहिलं.